आखाजीला न जेवलेली आत्या

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या संध्याकाळी धुळ्याहून माहेरी आलेल्या ज्योत्स्ना आत्याने रात्रीच्या जेवणात आमरसाची वाटी हाताच्या पंजाने हळूच पुढे सरकवली, तेव्हा असोद्याच्या त्या घरात एकट्या भाविकाला आनंदाने उड्या माराव्याशा वाटल्या. बाकीच्यांच्या मात्र हातातले घास हातातच राहिले.

भाविका यंदा दहावीत जाणार होती आणि आत्याच्या आहाराची सगळी सूत्रं फोनवरून तिच्याच हाती होती. आधी चहातली साखर गेली, मग तळलेलं गेलं, मग रोज पहाटे चालणं आलं. एकदम डोंगराएवढं ध्येय ठेवायचं नाही, छोटं छोटं ठेवायचं, हे तिने शाळेतल्या एका व्याख्यानात ऐकलं होतं. ध्येय गाठेपर्यंत कोणाला सांगायचं नाही, हेही तिथेच ऐकलेलं. सांगून टाकलं की निम्मा जोर बोलण्यातच संपतो म्हणे.

प्रेरणा मात्र शोधावी लागली नव्हती. मागच्या आखाजीला दारातल्या निंबाच्या झोक्यावर आत्या बसली आणि दोर तुटला. माहेरवाशिणींची गाणी जागच्या जागी थांबली आणि सगळी गल्ली पोट धरून हसली. त्या दिवशी आत्याने ठरवलं, पुढच्या आखाजीला त्याच झोक्यावर, त्याच बायांसमोर बसायचं. सासरी वर्षभर पथ्य निभलं. खरी परीक्षा आता माहेरी होती.

"का गं, काय झालं?" भाविकाचे वडील तोताराम यांनी विचारलं.

"काही नही, भाऊ. भूक नही शे." धुळ्याला दिल्यापासून आत्याच्या बोलण्यात हा 'शे' कायमचा राहायला आला होता.

आत्याचा धाकटा भाऊ जीवराम याने तिची वाटी ओढून रस संपवला खरा, पण तोही चोरट्या नजरेने. माहेरवाशीण आखाजीला येते आणि रस खात नाही, याचा असोद्यात एकच अर्थ होतो. ती रुसली आहे. आता प्रश्न एवढाच होता की कोणावर.

सकाळी आत्याने बिनसाखरेचा चहा मागितला, रव्याच्या गोड सांजोरीला हात लावला नाही, आणि भाविकाची आई लताबाई कासावीस झाली. तिने आत्याला माजघरात नेलं. भाविका पाणी भरायच्या निमित्ताने मागे गेलीच.

"ताई, तुम्हाले कळलं वाटते," लताबाई पदराशी चाळा करत म्हणाली. "तुम्ही दिवाळीले दिलेली साडी मी माझ्या बहिणीले देऊन टाकली. रंग मले शोभत नव्हता."

आत्याला काहीच कळलं नव्हतं. आत्ता कळलं.

"ती मोरपंखी?" तिने विचारलं. "जिच्यासाठी मी अख्खं धुळं पालथं घातलं होतं ती?"

लताबाईने मान खाली घातली.  भाविकाने पाहिलं, आत्याची नजर सांजोऱ्यांच्या डब्यावर जाऊन थांबली होती. भाविकाने तिचा हात घट्ट दाबला. दुपारचं जेवण तेवढं निभवायचं, मग झोका.

स्वयंपाकघरात खापरावर मांडे पडू लागले. पुरणाचा वास निंबापर्यंत गेला. आत्या ओसरीवर दात घट्ट मिटून बसली होती. तेवढ्यात तोताराम शेजारी येऊन टेकले. आधी त्यांनी मुराळी म्हणून आपण तिला आणायला धुळ्याला गेलो नाही, नुसता एसटीने ये असा मेसेज टाकला, त्याची माफी मागितली. त्याने आत्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, कारण एसटीत तिला खिडकी मिळाली होती. तोतारामना वाटलं, बहिणीचा राग याहून खोल आहे.

"बरं, ते बी सांगतो," ते म्हणाले. "मागच्या आखाजीले तो दोर मीच बांधला. विहिरीवरच्या मोटारीचा होता, उन्हात पडून सडलेला. मले माहीत होतं. नवा आणायचा कंटाळा केला. तू पडली, लोक हसले. मी बी हसलो."



"म्हणजे दोर सडका होता," आत्या म्हणाली.

"हो."

"भाविकालेही त्यानं पेललं नसतं?"

"कोंबडीलेही नसतं पेललं."

आत्या उठली. तिच्या डोळ्यांपुढून काय काय गेलं असेल, ते एकट्या भाविकाला ठाऊक होतं. फिका चहा, उकडलेली गिलकी, पहाटे मागे लागलेली कुत्री. आत्या थेट स्वयंपाकघरात गेली, ताट ओढलं आणि म्हणाली, "वाढ, वहिनी."

तिने जन्मात पहिल्यांदा खऱ्या रागाने जेवण केलं. मांड्यामागून मांडे गेले, रसाचं पातेलं तिरपं झालं. लताबाईने डोळे पुसले आणि तोतारामना खूण केली. राग गेला बाईचा. तोताराम तर एवढे हरखले की तडक जळगावला जाऊन नवा नायलॉनचा दोर घेऊन आले.

दुपार कलल्यावर आत्या झोक्यावर बसली. मागच्या वर्षी हसलेल्या बाया दोन्ही बाजूंना उभ्या होत्या. भाविकाने जीव खाऊन ढकललं. झोका निंबाच्या फांद्यांत शिरला, परत आला, पुन्हा शिरला. मागच्या वर्षी अंगण ओलांडताना धापा टाकणारी आत्या वरून मोठ्याने गाणं म्हणत होती आणि तिचा श्वास कुठेही तुटत नव्हता.  हे भाविकाचं काम होतं, तिच्या आत्याचं काम होतं.

पण खाली उतरल्यावर आत्या स्पष्टच म्हणाली, "झालं तुझं ध्येय. आता मले काही सांगू नको. उद्यापासून साखरेचा चहा."

भाविकाने जंग जंग पछाडलं. व्याख्यानातली वाक्यं ऐकवली, जुने-नवे फोटो शेजारी शेजारी धरले. आत्या बधली नाही. नवी प्रेरणा आणायची तरी कुठून, या विचाराने रात्रीच्या पंगतीत भाविकाचाच घास घशाखाली उतरेना.

लताबाईने उरलेले मांडे वाढले. आत्याने ताटाकडे पाहिलं, समोर मन लावून जेवणाऱ्या जीवरामकडे पाहिलं आणि रसाची वाटी पंजाने हळूच पुढे सरकवली.

"मले नको," ती म्हणाली. "भूक नही शे."

भाविका आनंदाने तिच्या कानाशी गेली. "आत्या, हे कसं काय?"

"भाऊ कबूल झाला, वहिनी कबूल झाली," आत्या ओठ न हलवता पुटपुटली. "हा अजून बाकी शे. आणि मग धुळ्याले माझी सासू शे, दोन जावा शेत. दिवाळीपर्यंत सहज पुरतील."

जीवरामने हातातला मांडा ताटात ठेवला. एकदा वाटीकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. मग पाण्याचा घोट घेऊन तो उठला.

"ताई," तो म्हणाला, "जरा ओसरीवर येतेस का?"