घोरपडे सरांचं लाडकं प्रायमेज

आमच्या गोरवा भागातल्या सोसायटीत जिन्यावर घोरपडे सर दिसले, की शहाणी माणसं आधी पिशवीची चेन लावून घेतात. उघडी चेन सरांच्या नजरेला पडली की धडा सुरू. "थांबा, थांबा! ही चेन म्हणजे डीएनए. मग हा रनर कोण?" आपण मेथीची जुडी घेऊन उभे. "हेलिकेज! दोन धागे उलगडतो. उलगडल्याशिवाय नक्कल होणार कशी?" नक्कल व्हायची तेव्हा होवो, मेथी सुकते त्याचं काय, हे विचारायची सोय नाही.

सर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, त्यातली मिशी तेवढी शिल्लक आहे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण वर्ग काही सुटला नाही. आता आम्हीच तो वर्ग. समोरच्या हंसाबेनना तर त्यांनी अख्खी पेशी गुजरातीतून शिकवली. "सर बहु सरस भणावे छे," हंसाबेन म्हणतात, "पण मारी दाळ बळी जाय छे." सर शिकवतात छान, पण तोवर त्यांची डाळ करपते.

पॉलिमरेजचं सरांना फार कौतुक. जुन्या धाग्यासमोर नवी अक्षरं जुळवत जाणारं एन्झाइम ते हेच. चुकीचं अक्षर लागलं की ते एक पाऊल मागे येतं, चुकलेलं काढतं, बरोबरचं लावतं आणि मगच पुढे जातं. सरही तसंच वागतात. बोलण्यात चूक झाली की खरोखर एक पाऊल मागे सरकतात. एकदा वाडी भागात मला सुरसागर तळ्याचा रस्ता सांगताना डावीकडेऐवजी उजवीकडे म्हणाले, आणि मागे सरकले ते थेट जामफळांच्या गाडीवर, पिकल्या पेरूंवर बसले. गाडीवाला बोंबलत होता. सर उठता उठता मला म्हणाले, "डावीकडे."

पण खरा जीव प्रायमेजवर. "पॉलिमरेज एवढं हुशार, पण त्याला कोरा धागा द्या, ढिम्म हलणार नाही! पहिली काही अक्षरं कुणीतरी मांडून द्यावी लागतात. ती प्रायमेज मांडतं. मग हे निघालं सुसाट. आणि पुढे ती पहिली अक्षरं काढून टाकतात, तिथे दुसरी भरतात, लायगेज सांधा जोडून टाकतं. आणि परीक्षेत प्रायमेजला किती मार्क? एक!" हा अन्याय सांगताना सरांचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत जातो.

कुमुदकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पूर्वी आतून ओरडायच्या, "अहो, तुमच्या त्या एन्झाइमांना वरण ढवळायला पाठवा!" आता ओरडत नाहीत. त्यांच्या आठवणी हळूहळू पुसत गेल्या. आधी वार विसरल्या, मग रस्ते, मग माणसं. दिवाळीपासून तर नवऱ्यालाही ओळखत नाहीत. सगळे म्हणतात म्हणून त्याही त्यांना "सर" म्हणतात.

मध्यंतरी जिन्यात माझी चेन सताड उघडी होती, तरी सर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वहिनी, तिने मला कधी नावाने हाक मारली नाही. नाव घ्यायची ते उखाण्यातच. पुन्हा एकदा तरी तिच्या तोंडून ऐकायचं होतं. आता कसलं ऐकतोय."

संक्रांतीनंतर माझ्याकडे हळदीकुंकू होतं. काकू आल्या, पण सोबत सरही आले, कारण त्या एकट्या बसेनात. बायकांच्या कार्यक्रमात पुरुषाला कुठे बसवायचं? सरांनी स्वतःच दारातलं चपलांचं कपाट निवडलं आणि त्यावर बसले. मी म्हटलं, "सर, निदान पेशी नका काढू." त्यांनी मुकाट्याने तिळगूळ तोंडात टाकला.

नावं घ्यायला सुरुवात झाली. एकेकीचा उखाणा, हशा, मग पुढची. काकूंची पाळी आली. त्या माझ्याकडे पाहून नुसत्या हसल्या. "रहेवा दो ने," हंसाबेन मला हळूच म्हणाल्या. मी पुढच्या बाईकडे वळणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"सुरसागराच्या..."

काकूंनी मान वळवली. पुढे काही नाही. सर पुन्हा म्हणाले, शांतपणे, घाई न करता, "सुरसागराच्या काठी..."

आणि काकूंनी पदर सारखा केला. नव्या नवरीच्या ठसक्यात, एका दमात म्हणाल्या,

"सुरसागराच्या काठी वारा सुटला गार,
रघुनाथरावांचं नाव घेते, अडवू नका दार!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. हंसाबेननी डोळ्यांना रुमाल लावला, आणि मलाही रडू आवरेना. सर कपाटावर तसेच बसून होते. तोंडातला तिळगूळ चावायचं विसरले होते.

काकू लाजून लाल झाल्या होत्या. उठून दाराशी गेल्या आणि सरांना म्हणाल्या, "काय हो सर, आमचे हे नाही आले अजून न्यायला?"

सरांनी तोंडातला तिळगूळ गिळला. मग म्हणाले, "निघालेत. येतीलच इतक्यात."

"आले की त्यांना सांगाल ना, मी नाव घेतलं म्हणून?"

"सांगतो हं," सर म्हणाले, आणि काकूंच्या चपला सरळ करायला खाली वाकले. बराच वेळ वर आलेच नाहीत.