हरणी आणि प्रांतपाल

"रगत मागायचं आणि हातावर बिस्कीट ठेवायचं. कोण येणार हो?" भाकरी वाढता वाढता पद्मावती म्हणाली.

तिच्या नवऱ्यानं, जिनपाल मगदूमांनी, भाकरी मोडली. त्यांचं कोल्हापुरात भांड्यांचं दुकान होतं. शहाण्णव साली त्यांनी गल्लीतल्या मित्रांना जमवून सेवा क्लब काढला होता, पण तो अजून खरा झाला नव्हता. बेळगावचे प्रांतपाल येऊन एखादा उपक्रम बघणार, पटलं तर सनद देणार, मग क्लब खरा. पहिल्या रक्तदान शिबिरात एकट्या जिनपालांनी रक्त दिलं आणि चक्कर येऊन ते प्रांतपालांच्याच अंगावर पडले. प्रांतपाल कोट झटकून निघून गेले. दिवाळीनंतर ते पुन्हा येणार होते. हे शेवटचं, असंही त्यांनी कळवलं होतं.

"मग काय देऊ?" जिनपालांनी विचारलं.

"दूध द्या की. गंगावेशीत कट्ट्यावर लोक उभं राहून पित्यात न्हवं? म्हसच आणा मंडपात. रगत दिलं की समोर धार काढायची आणि गिलास हातात."

क्लबच्या सभेत जिनपालांनी ही कल्पना मांडली. स्वतःची म्हणून. टाळ्या पडल्या.

शिबिराच्या दिवशी केरबा गवळी आपल्या राजदूत मोटारसायकलवर शाळेच्या मैदानात आला आणि मागोमाग त्याची हरणी म्हैस पळत आली. पाडव्याला म्हशी नटवून पळवतात, तेव्हा हरणी गाडीच्या आवाजामागे पळायची. आवाज मोठा व्हावा म्हणून केरबानं सायलेन्सर काढला होता. पाडवा झाला तरी तो बसवायचा राहिला होता. गाडी मंडपाबाहेर लावून केरबा हरणीला धुवायला नदीवर घेऊन गेला.

तेवढ्यात शाळेच्या ऑफिसात फोन आला. प्रांतपालांची मोटार कागलला बंद पडली होती.

"मी आणतो की अण्णा," क्लबचे सेक्रेटरी कृष्णात जिनपालांना म्हणाले. त्यांची स्वतःची गाडी दुरुस्तीला होती. समोर राजदूत उभी होती आणि किल्ली तिलाच होती. ते गेले.

केरबा परतला. त्यानं हरणीला मंडपाच्या खांबाला बांधलं. त्याच खांबाला क्लबचा कापडी फलक बांधला होता : 'रक्तदान करा, धारोष्ण दूध प्या.'

"अण्णा, माझी गाडी?"

"पावण्यास्नी आणायला गेलीया."

केरबाचा चेहरा उतरला. "गाडी हितं आणू नका म्हणावं!"

"का रं?"

केरबा उत्तर देणार तोच लांबून फटफट ऐकू आली. हरणीनं कान टवकारले.

गाडी फाटकातून आत आली. मागच्या सीटवर प्रांतपाल होते. कृष्णातांनी त्यांना वाटेतच कोल्हापुरी फेटा बांधला होता. हरणीनं एक हिसका दिला. खांब आडवा झाला, दावं सुटलं आणि दाव्यात अडकलेला फलक घेऊन ती पळत सुटली.

"म्हस! म्हस आली!" प्रांतपाल ओरडले.

कृष्णातांनी घाबरून गाडी वळवली आणि फाटकाबाहेर काढली.

"गाडी बंद करा!" केरबा मागून पळत ओरडत होता. पण त्या आवाजात काही ऐकू जात नव्हतं.

"आणखी जोरात घ्या हो!" प्रांतपाल म्हणाले. कृष्णातांनी जोरात घेतली. आवाज वाढला, तशी हरणी जास्तच पळाली.

गल्लीतली माणसं बाहेर आली. फेटेवाला पाहुणा, मागे म्हैस, तिच्या मागे लोळत जाणारा फलक.

"पाडवा झाला न्हवं का?"

"ह्यो कुणाचा तरी राहिला असंल. चला!"

पोरं पळाली, तालमीतले पैलवान पळाले. चिमणाबाई भाजीची पाटी तशीच टाकून पळाल्या. "पावणं, घट्ट धरा!" असा लोक धीर देत होते. सगळी वरात चौकाला वळसा घालून पुन्हा मैदानात आली, तेव्हा पेट्रोल संपलं.

गाडी थांबली. प्रांतपालांनी डोळे मिटले. हरणी जवळ आली आणि तिनं त्यांच्या खांद्यावर मान टाकली.

जिनपाल डोक्याला हात लावून खुर्चीत बसले. "संपला क्लब," ते म्हणाले.

पद्मावतीनं सरळ माइक घेतला. "पळून पळून दमला असशीला. दूध हाय सगळ्यास्नी. पण आधी रगत. आणि पैलवान, तुम्ही मागं का सरकताय? सुईला भ्यालासा व्हय?"

सगळे हसले. पैलवानांचा नाइलाज झाला. मग त्यांच्यामागे लोकांची रांगच लागली. थोड्या वेळानं डॉक्टरांनी रक्तपेढीत निरोप धाडला, पिशव्या कमी पडतायत.

दुधाचं मात्र अडलं. पळून बिथरलेली हरणी पान्हा सोडेना. केरबानं निरखून पाहिलं. तिची नजर प्रांतपालांवरच होती.

"सायेब, जरा मानंवर हात फिरवा."

"मी?"

"तुमच्या मागनंच पळाली न्हवं? तुम्हालाच मालक समजतीया."

प्रांतपालांनी भीतभीत हात फिरवला. चरवीत धार वाजली. हात काढला की धार थांबायची. त्यामुळे भाषण त्यांनी म्हशीच्या मानेवर हात ठेवूनच केलं, आणि दुसऱ्या हातानं सनद दिली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात फेट्यातले प्रांतपाल होते, आडवी उभी हरणी होती आणि माइक घेतलेली पद्मावती होती. जिनपाल नेमके हरणीच्या पलीकडे उभे होते. तिच्या पोटाखाली त्यांचे नवे बूट तेवढे दिसत होते. ते दिवसभर जेवले नाहीत. पद्मावतीनं फोटोला चौकट करून क्लबात लावला. कोणी आलं की ती दाखवायची, "ह्ये बूट दिसत्यात न्हवं? ते आमचं अध्यक्ष." ते चिडायचे आणि ती पदर तोंडाला लावून हसायची.

पुढे क्लबची इमारत झाली. शिबिरात पिशवीतलं दूध आलं. पद्मावती गेली, त्या वर्षीही शिबिर झालं. दर वर्षी ती घ्यायची तो माइक त्या दिवशी टेबलावरच पडून राहिला.

बऱ्याच वर्षांनी रंग द्यायचा म्हणून नव्या अध्यक्षांनी, श्रेयसनं, तो फोटो उतरवला. "अण्णा, याच्या जागी तुमचा चांगला फोटो लावूया. संस्थापकांचा. यात तुम्ही दिसतच न्हाई."

"दिसतोय की. ह्ये बूट."

"आणि माइकवाल्या ह्या कोण?"

जिनपालांनी काच धोतराच्या सोग्यानं पुसली आणि फोटो पुन्हा त्याच खिळ्याला अडकवला.

"त्यो क्लब," पद्मावतीवर बोट ठेवून ते म्हणाले.