सायलेन्सर लागतलो!

आमच्या भांडुपच्या सोसायटीत विलास तोरसकरच्या स्पोर्ट्‌स कारमधून कधीच गेला नाही असा माणूस सापडणार नाही, आणि त्या गाडीतून सबंध रस्ता बसून गेला असाही सापडणार नाही. कारण स्पीडब्रेकर दिसला की तोरसकर गाडी थांबवतो आणि शांतपणे आपल्या मालवणीत सांगतो, "सायलेन्सर लागतलो. उतरा."

उतरायचं, स्पीडब्रेकर पायी ओलांडायचा, पलीकडे उभं राहायचं. गाडी हलकी होऊन मुंगीच्या पावलानं येते, की पुन्हा बसायचं. बसायचं म्हणजे जवळजवळ रस्त्यावरच. एकदा माझी कंबर धरली म्हणून यानं मला प्रेमानं मुलुंडला डॉक्टरकडे नेलं. नऊ वेळा उतरलो, नऊ वेळा चढलो. डॉक्टरांनी विचारलं, "दुखणं कधीपासून वाढलं?" मी म्हटलं, "घरून निघाल्यापासून."

गाडी लाल, दोन दारांची, चौथ्या हाताची. वांद्र्याच्या कोण्या श्रीमंत पोरानं कंटाळून विकलेली. कंपनीचा चांगला सायलेन्सर होता तिला. तोरसकरनं तो, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या डब्यासकट, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला आणि कुर्ल्याहून एक जाडजूड चकचकीत पाइप आणून बसवला. तो जमिनीपासून जेमतेम तीन बोटांवर.

"कन्व्हर्टर म्हणजे गाडीच्या तोंडात बोळो रे! गावंदे तिका," असं त्याचं मत.

ती गायला लागली की पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकूंची भांडी मांडणीवरून उड्या मारायची. सोसायटीनं तीन नोटिसा दिल्या. गाडीखाली झोपताना त्यानं त्या पाठीखाली अंथरल्या. पीयूसीच्या वेळी तेवढा माळ्यावरचा सायलेन्सर खाली यायचा. ते दोन दिवस गाडी इतकी गप्प असायची की जोशीकाकू काळजीनं विचारायच्या, "तोरसकर बरे आहेत ना?"

या सगळ्या कारभारात त्याला एकाच माणसाची साथ होती. त्याची मुलगी, रेवती. वहिनी गेल्या तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तेव्हापासून बापाच्या शेजारची सीट तिची. स्पीडब्रेकर आला की शाळेच्या गणवेशात टुणकन उतरायची, गाल रस्त्याला टेकेल इतकी वाकून गाडीखाली बघायची आणि हात हलवायची, "ये... ये... बस!" पुढे कॉलेज झालं, नोकरी लागली, तरी ही ड्यूटी तिचीच. दुसऱ्या कोणी पाहिलेलं तोरसकरला चालायचं नाही. मी एकदा वाकलो तर म्हणाला, "तुका समजाचा नाय."

यंदा रेवतीचं लग्न ठरलं. मुलगा मुलुंडचा, निखिल नावाचा. लांब कुठे चाललीय पोरगी, असं सगळे म्हणाले. तोरसकर एवढंच म्हणाला, "मगे गाडीखाली बघतलो कोण?" आम्ही हसलो. तो हसला नाही.

लग्न दुपारचं होतं, हॉल भांडुपातच. पाठवणीला त्यानं जाहीर करून टाकलं, नवरी माझ्या गाडीतून आणि नवरदेव मागच्या गाडीतून! निखिल बिचारा गरीब, मुकाट्यानं माझ्याशेजारी मागच्या गाडीत बसला. बँडच्या गोंगाटात लाल गाडी निघाली आणि हमरस्ता सोडून भलत्याच गल्लीत शिरली.

पहिला स्पीडब्रेकर. दार उघडलं. शालू सावरत रेवती उतरली, मुंडावळ्यांसकट वाकली, क्षणभर तशीच राहिली आणि हात हलवला, "ये... ये... बस!" गाडी पुढे गेली, ती चालत गेली, बसली. शंभर पावलांवर दुसरा. मग तिसरा. दहा मिनिटांच्या वाटेत या माणसानं भांडुप-मुलुंडातले यच्चयावत स्पीडब्रेकर गाठले. चौदाव्याला निखिलनं मला विचारलं, "काका, आज पोचू ना आपण? आई दारात माप मांडून उभी आहे."

सतरावा आणि शेवटचा निखिलच्या सोसायटीच्या फाटकातच होता. रेवतीचा शालू धुळीत लोळत होता, तो धरायला मी उतरलो, तिच्याजवळ वाकलो आणि माझी नजर गाडीखाली गेली.

चकचकीत पाइप नव्हताच! माळ्यावरचा तो मळकट सायलेन्सर कन्व्हर्टरच्या डब्यासकट जागेवर बसला होता आणि खाली तळहात उभा राहील एवढी मोकळी जागा होती. बँडच्या गोंगाटात आणि मग बंद काचांमागे, गाडी आज गात नाहीये हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ही गाडी सगळ्यांना बसवून सतराच्या सतरा स्पीडब्रेकर ओलांडून गेली असती. उद्यापासून खाली बघायला कोणी नाही, म्हणून तोरसकरनं सगळं आधीच बदलून ठेवलं होतं. आणि तरीही आज लेकीला सतरा वेळा उतरवलं होतं.

"अगं रेवती, हा तर..."

तिनं मेंदीच्या हातानं माझं मनगट दाबलं. डोळे भरले होते तिचे.

"पहिल्याच ब्रेकरला दिसलं मला, काका," ती हळूच म्हणाली. "बोलू नका."

मग तशीच वाकलेली, हात हलवत ओरडली, "ये बाबा, ये... सावकाश! सायलेन्सर लागतलो!"