मन्या आणि विज्ञानाचा पेपर

मामांना शाळेत बोलवायची कल्पना भाचीची होती आणि पहिल्या पाच मिनिटांतच तिला ती चूक वाटू लागली. मामा एका बँकेत सायबर सुरक्षेचं काम पाहत. दहावीच्या मुलांना या क्षेत्रातल्या नोकऱ्या समजावून सांगायला ते आले होते. मुलं मात्र जांभया देत होती.

"काका, तुम्ही कॉम्प्युटर रिपेअर करता का?" मागून कुणीतरी विचारलं.

मामांनी निमूटपणे आपलं भाषण गुंडाळलं आणि सध्या सगळी मुलं डोळे फाडून बघत असलेल्या मालिकेतला एक प्रसंग पडद्यावर लावला. त्यातली हॅकर मुलगी टेबलावरचे फोटो बघून तीन सेकंदांत पासवर्ड ओळखते. सभागृह खडबडून जागं झालं.

"तीन सेकंद ही थाप आहे," मामा म्हणाले. "पण फोटोवरून पासवर्ड कळतो, हे शंभर टक्के खरं."

"मग करून दाखवा ना!"

पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापिका उठल्या. "माझ्या लॅपटॉपवर करा. माझा पासवर्ड आजवर कुणाला कळलेला नाही."

मामांनी त्यांचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. "बरं, बाईंचं सगळ्यात लाडकं कोण?"

"मन्या!" अख्खं सभागृह ओरडलं. मन्या म्हणजे बाईंचा बोका. त्याची खबरबात शाळेला रोज सकाळी प्रार्थनेनंतर मिळत असे.

मामांनी 'मन्या' लिहिलं, पुढे एक-दोन-तीन जोडलं. लॅपटॉप उघडला. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि एकदम थांबला. पडद्यावर येत्या सोमवारच्या परीक्षेचा विज्ञानाचा पेपर होता. बाई सकाळी तोच नजरेखालून घालत बसल्या होत्या.

मामांनी घाईघाईने तो बंद करायला बटण दाबलं. अक्षरं दुप्पट मोठी झाली. मुलांनी पेनं काढली. त्या दिवशी पहिल्यांदाच ती काहीतरी लिहून घेत होती.

"तार काढा! तार!" बाई ओरडल्या. विज्ञानाच्या सरांनी धावत जाऊन ती उपटली, पण तोवर मुलं पाचव्या प्रश्नापर्यंत पोचली होती.

सर लगेच नवा पेपर काढायला बसले. त्यांचा चेहरा बघता तो सोपा असण्याची शक्यता नव्हती.

"मामा, मला आता दुसरी शाळा बघ," भाची व्हरांड्यात पुटपुटली.

तेवढ्यात मामांना बाईंच्या ऑफिसात बोलावणं आलं. ते मान खाली घालून उभे राहिले. "मॅडम, चूक माझीच. लॅपटॉप उघडण्याआधी प्रोजेक्टर बंद करायला हवा होता."

"ते राहू द्या. मुलांपैकी कुणी या नोकरीबद्दल विचारलं का?"

"एकानेही नाही."

बाईंनी उठून दार लोटलं, खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"मी पुढच्या वर्षी रिटायर होतेय. तुमच्याकडे वयाची अट असते का हो?"