दामोदर मास्तरांची रेष

मेहकरच्या आमच्या देवळात दामोदर मास्तर दर्शनाला येत, ते खिशात खडू घेऊन. नमस्कार देवाला, लक्ष फरशीकडे. मोकळी फरशी दिसली की तिच्यावर एक आडवी, एक उभी रेघ पडलीच. निवृत्तीनंतरही त्यांचे गणित शिकवणे सुटले नव्हते, आणि त्यामुळे पूजेनंतर ओला फडका फिरवणे मलाही सुटले नव्हते.

"महाराज, छेद सांगा, चढ सांगा, रेष मी काढून देतो," हे त्यांचे ब्रीद. एकदा मी हौदात पाणी सोडले होते. मास्तर सरसावले. "आंधी हौदात वीतभर पाणी होतं ना? तो छेद. रेष उभ्या अक्षावर तिथून निंघते. आता घटकेले दोन वीत चढते, तो चढ. म्हंजे पाणी बराबर दोन गुणिले वेळ, अधिक एक. झालं समीकरण!" समीकरण सिद्ध होईपर्यंत पाणी गाभाऱ्याच्या पायरीला लागले. मी सोवळे सावरत ओरडलो, तर मास्तर प्रसन्न: "पाहा, चुकली का रेष?"

माणसेही ते याच मापाने मोजत. त्यांचा धाकटा भाऊ, रामभाऊ, सुलतानपूरला शेती करी. आईच्या तेरवीला वरणात मीठ जास्त झाले. ते कोणी टाकले यावरून दोघांचे बिनसले आणि बोलणे थांबले ते थांबलेच. मी पुष्कळदा म्हटले, "मास्तर, एकदा जाऊन या."

"काऊन, महाराज? तो अडेल, मी अडेल, चढ सारखा. त्याची सुरुवात शेतातून, माही शाळेतून, छेद येगळा. अशा रेषा समांतर. त्यायची भेट होत नसते."

उपपत्ती निर्दोष होती. व्याकरण शिकलेला मी फडका ओला करायला गेलो.

यंदा रामभाऊच गेले. तेरवीला मास्तर मला सोबत घेऊन निघाले. पंगतीआधी ते घराच्या ओट्यावर बसले, खडू काढला, दोन अक्ष आखले आणि एकच तिरपी रेघ ओढली.

"दुसरी?" मी विचारले.

"नाहीच, महाराज. चढ बराबर होता, छेद चुकला. मायनं दोघांले चालणं याच ओट्यावर शिकवलं. सुरुवात एक, चढ एक. मंग रेष एकच राह्यते. मी उगाच दोन काढत बसलो."

पुसण्याची सवय असलेला माझा हात त्या दिवशी पुढे झाला नाही.

पंगतीत वरण अगदीच अळणी होते. रामभाऊंच्या मुलीने वाकून विचारले, "मोठेबाबा, मीठ आणू?"

"नको, बाई," मास्तर म्हणाले. "बराबर आहे." आणि वरण पुन्हा मागून घेतले.