काळधारेवरचं पंक्चर

मुलांनो, नीट बसा. एका जंगलात सगळ्यांना चार-चार पाय होते, आणि तरीही एके दिवशी तिथे सायकली आल्या.

कुठून आल्या, ते विचारू नका. गोष्टीत असं विचारत नाहीत. आल्या, आणि आपण आजवर नुसतेच चालत होतो याची जंगलातल्या प्रतिष्ठित प्राण्यांना फार लाज वाटू लागली.

सगळ्यांत जास्त लाज वाटली ती खंडेराव गव्यांना. म्हणून त्यांनी सगळ्यांत हलकी सायकल घेतली. ती शेपटीच्या टोकावर उचलता यायची. खंडेरावांना उचलायला मात्र हत्ती लागला असता. पण वजन सायकलचं कमी करायचं असतं, स्वतःचं नव्हे, हे तुम्हीही मोठेपणी शिकालच.

खंडेरावांनी एक मंडळ काढलं. 'उत्तुंग सायकल मंडळ'. त्यात अनंता कोल्हा आला. त्याच्या मनगटावर एक घड्याळ होतं. ते हृदयाचे ठोके सांगायचं. पूर्वी अनंता घाबरला की त्याचे ठोके वाढायचे. आता घड्याळात ठोके वाढलेले दिसले की तो घाबरायचा. मग धोंडू रानडुक्कर आला. त्याच्याकडे पाने होते, पंप होता, जास्तीच्या ट्यूब होत्या. सायकल खोलण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. जोडायची वेळ अजून आली नव्हती.

मंडळाचा नियम एकच होता. वाट कितीही अवघड असो, सायकलवरून उतरून चालायचं नाही. उतरला तो संपला.

त्या जंगलाच्या डोक्यावर ढगाईचं पठार होतं. वर झाड नाही, पाणी नाही. नुसता काळा कातळ आणि वारा. पठार संपलं की काळधार लागायची. काळधार म्हणजे जेमतेम एका सायकलपुरती कड. डावीकडे दरी, उजवीकडेही दरी, आवडेल ती आपली आपण निवडायची. धारेच्या टोकाला एक उतार होता, तो थेट पलीकडच्या खोऱ्यात उतरायचा. मंडळाने ठरवलं, हीच वाट सर करायची.

सभा भरली. टाळ्या झाल्या. एवढ्यात मागून आवाज आला, "मलाही यायचंय."

सगळे वळले. सुंद्राबाई साळिंदर उभ्या होत्या. वयाने उतरलेल्या, गुडघ्यांनी थकलेल्या. हातात एक जुनी सायकल होती. तिला गिअर नव्हते. मडगार्ड मात्र होतं, कॅरिअर होतं, घंटी होती. मंडळाच्या एकाही सायकलला घंटी नव्हती. घंटी समोर कोणी असेल तर लागते, आणि मंडळाच्या पुढे कोणी असेल हे मंडळाला मान्य नव्हतं.

"तुम्हाला कशाला यायचंय?" खंडेरावांनी विचारलं.

"पलीकडच्या खोऱ्यात माझी धाकटी बहीण असते. भागू. तिचा पाय मोडल्याचा निरोप आलाय. एकटीच असते हो ती. कंद उकरून द्यायलाही कोणी नाही. मला आता पठार चालवत नाही. सायकलवर जमेल असं वाटतं."



"म्हणजे तुमचं तिकडे काम आहे?" खंडेराव म्हणाले.

"काम म्हणजे... बहीण आहे."

अनंताने मान हलवली. "बाई, काम असलं की त्याला प्रवास म्हणतात. आम्ही मोहिमेवर निघालोय. आमचं तिकडे काहीही काम नाही."

"कणभरसुद्धा नाही," धोंडू अभिमानाने म्हणाला.

"शिवाय तुमचे ते काटे," खंडेराव म्हणाले. "एक जरी लागला तर आमची टायरं गेली."

"माझे काटे मागे वळलेले असतात. मी मागून येईन. तुम्हाला धक्का लागणार नाही."

मंडळाने बराच विचार केला. मग मोठ्या मनाने परवानगी दिली. सुंद्राबाईंनी सगळ्यांच्या मागे, हाकेच्या अंतरावर राहावं. कंदांची पिशवी दिसणार नाही अशी बांधावी. आणि वाटेत बहिणीचं नाव काढू नये, त्याने मोहिमेची शोभा जाते.

मोहीम निघाली. मोर नाचले. माकडांनी माळा घातल्या. भाषणं इतकी झाली की ऊन चढलं. मग चढ सुरू झाला आणि एकेकाची भाषणं थांबली.

मुलांनो, तो चढ खरोखरच वाईट होता. वाटेत मुळं होती, सुटे धोंडे होते, पायाखालची माती सारखी निसटत होती. पुढचं चाक आकाशाकडे बघायचं आणि मागचं चाक घराकडे. खंडेरावांना निसर्गाची इतकी आवड असेल असं कोणालाही वाटलं नव्हतं. दर वळणाला ते थांबून निसर्ग बघायचे. बघताना तोंड उघडं असायचं आणि छाती भात्यासारखी हलायची. अनंता घड्याळ बघायचा आणि आणखी पांढरा पडायचा. धोंडूच्या पाठीवरच्या पान्यांचा असा खुळखुळाट व्हायचा की वाटेतली पाखरं उडून जायची.

मागून सुंद्राबाई येत होत्या. जिथे पेडल मारवत नव्हतं तिथे त्या सरळ उतरायच्या, सायकल ढकलायच्या आणि पुढे पुन्हा बसायच्या. दम त्यांनाही लागत होता. एकदा तर त्या खाली बसून रडल्याही. मग भागू एकटी पडली असेल हे आठवून उठल्या.

पठारावर धुकं होतं. हातभर अंतरावरचं दिसेना. आणि धुक्यात मंडळ एकदम शूर झालं.

"दरी वगैरे काही नसतंच हो!" खंडेराव ओरडले. "लोक उगाच घाबरवतात."

"माझे ठोके अगदी शांत आहेत!" अनंता ओरडला.

त्यांनी काळधारेवर सायकली घातल्या. धारेच्या टोकाला जरा रुंद कातळ होता, तिथे तिघे पोचले. आणि तेवढ्यात वाऱ्याने दगा दिला. धुकं उडून गेलं.

समोर उतार होता. उतार कसला, मुलांनो, कोणीतरी डोंगर पेरूसारखा कापून ठेवला होता. खाली खोरं इतकं लांब होतं की तिथली नदी दोऱ्यासारखी दिसत होती. कोणी कोणाकडे बघेना.

काही वेळाने सुंद्राबाई सायकल ढकलत आल्या. त्यांनी खाली पाहिलं. त्यांच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही थांबलात का?"

"वाऱ्याचा अभ्यास चाललाय," खंडेराव म्हणाले.

सुंद्राबाई एका धोंड्यावर टेकल्या आणि पाणी प्यायल्या. एवढ्यात अनंता आणि धोंडू दुसऱ्या टोकाला देखावा बघायला गेले. खंडेराव हळूच जवळ सरकले.

"सुंद्राबाई, जरा काम होतं."

"बोला ना."

"तुमचा एक काटा... म्हणजे चुकून हं... माझ्या टायरला लागला तर?"

"छे हो! मी केवढी जपून आहे."

"जपू नका," खंडेराव कळवळून म्हणाले. "पंक्चर झालं तर माणूस मागे फिरू शकतो. त्याला कोणी भित्रा म्हणत नाही."

खंडेराव गवा होते, पण अशा वेळी सगळे स्वतःला माणूसच म्हणतात.

"त्यापेक्षा उतरून चालत जा की," सुंद्राबाई म्हणाल्या. "मी तशीच जाणार आहे. सायकलला धरून, बसत बसत."

"उतरून? लोक काय म्हणतील?"

"इथे कोण आहे बघायला?"

"अनंता आहे," खंडेराव म्हणाले.

सुंद्राबाईंनी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. एवढं मोठं जनावर, पण डोळे वासरासारखे झाले होते. त्यांना दया आली. त्या वळल्या आणि हलकेच मागे टेकल्या. फुस्स झालं. खंडेरावांनी असा सुस्कारा सोडला की हवा कोणाची गेली ते कळेना.

ते गेले आणि अनंता आला. "बाई, मी घाबरलेलो नाही. घड्याळ घाबरलंय," तो म्हणाला. फुस्स.

शेवटी धोंडू आला. "मावशी, माझ्या जास्तीच्या ट्यूबपण फोडता का? नाहीतर ते दोघं मलाच म्हणतील, लाव आणि चल."

सुंद्राबाईंनी त्याही फोडल्या. मग त्यांनी पदर खोचला, सायकलचा ब्रेक आवळला आणि त्या उतरू लागल्या. कधी बसून, कधी घसरून, कधी सायकललाच मिठी मारून. दोनदा कंदांची पिशवी सुटली, दोनदा त्यांनी ती पकडली. गुडघे फुटले, हॅन्डल वाकडं झालं. पण ऊन असतानाच त्या खोऱ्यात पोचल्या आणि भागूच्या बिळाशी येऊन त्यांनी घंटी वाजवली.

आतून भागू खुरडत आली. तिचे गाल बसले होते.

"अक्का? तू कशी आलीस गं?"

"सायकलवर. थोडी चालत, थोडी पडत."

"वेडी आहेस." भागूने डोळे पुसले. "जेवलीस का?"

"नाही. तू?"

"नाही."

मग दोघींनी कंद भाजले आणि पोटभर खाल्ले. पलीकडच्या खोऱ्यात या घटनेची एवढीच नोंद झाली.

अलीकडच्या जंगलात मात्र गर्दी लोटली होती. तीन वीर तीन फुटक्या सायकली उचलून परतले होते. खंडेरावांचा आवाज भरून आला होता.

"उतार आमच्या पुढ्यात होता. आम्ही झेप घेणार, एवढ्यात मागून घात झाला! एका साळिंदराने आमची टायरं फोडली!"

"तिन्ही?" एका सशाने विचारलं.

"तिन्ही!" अनंता म्हणाला.

"जास्तीच्या ट्यूबसकट!" धोंडू म्हणाला.

जंगल हळहळलं. मोर पुन्हा नाचले. तिघांना शाली मिळाल्या. त्याच सभेत ठराव झाला की सुंद्राबाईंना मंडळाची दारं कायमची बंद. ठराव खंडेरावांनी मांडला. अनुमोदन देताना धोंडू उगाच पंप पुसत होता, पण दिलं त्याने.

भागूचा पाय बरा व्हायला बरेच दिवस लागले. पाय टेकू लागल्यावर सुंद्राबाईंनी तिला बिळासमोरच्या मैदानात सायकल शिकवली. मग एक दिवस त्या त्याच वाटेने, तशाच चालत-बसत परत आल्या.

जंगलात शिरताच लहान पिल्लं आईमागे लपली. खारींनी दारं लावली. सुंद्राबाईंना काही कळेना. शेवटी एका खारीने फटीतून सगळं सांगितलं. ऐकताना त्यांचे काटे हळूहळू खाली बसले. राग येण्याआधी त्यांना फार एकटं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी खंडेराव आले. मागच्या वाटेने, झुडपांच्या आडून. ते बराच वेळ शिंगं खाजवत उभे राहिले.

"सुंद्राबाई, मनाला लावून घेऊ नका. सभेत बोलावं लागतं."

"तुम्ही मला घातकी म्हणालात."

"म्हणालो. पण किती जड मनाने म्हणालो, ते मलाच माहीत." मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "पुढच्या पौर्णिमेला मोहीम आहे. या वेळी मोठी. लोक आग्रह करतात हो, शाली दिल्यात ना त्यांनी. तर त्या दिवशी तुम्ही... काळधारेवर असाल का?"

"नाही," सुंद्राबाई म्हणाल्या. "मी घरीच आहे. त्याच दिवशी भागू यायचीय माझ्याकडे राहायला."

खंडेरावांच्या अंगातली हवाच गेली. ते मटकन खाली बसले. उतार त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मग अचानक त्यांनी मान वर केली.

"कोणत्या वाटेने येणार?"

"दुसरी वाट कुठे आहे? काळधारेवरूनच."

खंडेरावांचा चेहरा उजळला.

"त्यांनाही काटे आहेत ना?"

तात्पर्य: मुलांनो, अवघड वाटेला जाताना धाडस बरोबर नेलं नाही तरी चालतं, दोष द्यायला मात्र कोणीतरी जरूर न्यावं. आणि पलीकडे काही काम असेल, तर अशा वाटेला जाऊच नये. पोचण्याची भीती असते, आणि पोचणाऱ्याला शाल मिळत नाही.