मंदाकिनीबाईंची मागणी

मंदाकिनी टिपणीसांचा चष्मा दुरुस्तीला गेला होता आणि हयातीचा दाखला द्यायला त्याच दिवशी बँकेत जायचं होतं. नौपाड्यातल्या रस्त्यावर वळताच त्यांना प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ओळीने बसलेली म्हातारी माणसं अंधुक दिसली. या वर्षी बँकेने बसायची सोय केली म्हणायची! त्या समाधानाने एका रिकाम्या खुर्चीत बसल्या.

शेजारी कोपरीच्या कोणी कमळाबाई होत्या. त्यांनी एक पुठ्ठा पुढे केला. "जरा धर गो बाय, माजा हात दुखला."

नंबर लिहिलेला असेल, असं समजून मंदाकिनीबाईंनी तो नीट छातीशी धरला. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'राजीनामा द्या!'

दिल्लीतले एक मंत्री भर सभेत म्हणाले होते, "सत्तरीनंतर माणूस म्हणजे देशाला नुसता भार." त्यावरून गावोगावी ज्येष्ठ नागरिक रस्त्यावर उतरले होते. मंदाकिनीबाईंना याचा पत्ता नव्हता. बातम्या बघायचं त्यांनी सोडलं होतं. एकटीने बघून चिडायचं तरी कोणावर?

दुपार होत आली तेव्हा एका मुलीने तोंडासमोर माइक धरला. "आजी, तुमची मागणी काय आहे?"

"सकाळपासून बसलेय गं," मंदाकिनीबाई कळवळून म्हणाल्या. "मी अजून जिवंत आहे, एवढं मान्य करा. बाकी काही नको मला."

खुर्च्यांवरून टाळ्यांचा कडकडाट झाला. मग पोलीस आले आणि सगळ्यांना गाडीत बसवलं. "घरापर्यंत सोडता का हो?" मंदाकिनीबाईंनी विचारलं, तेव्हा कुठे कमळाबाईंनी त्यांना सगळा प्रकार सांगितला.

चौकीत चहा पाजून तासाभराने सोडून दिलं. घरी येतात तो फोन वाजत होता. मेलबर्नहून साकेत! गणपतीनंतर पहिल्यांदाच.

"आई, तुला अटक झालेली? इथे सगळे तुझा व्हिडिओ बघतायत!"

खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं. पण त्याचा आवाज इतका जवळून येत होता, की त्या एवढंच म्हणाल्या, "अन्याय सहन होत नाही रे."

साकेत चाळीस मिनिटं बोलला. दुसऱ्या दिवशीही त्याचा फोन आला. "घरीच आहेस ना? जेवलीस काय?" तिसऱ्या दिवशी त्या नुसतं म्हणाल्या, "उद्या कोपरीत सभा आहे म्हणे," तर त्याने दोनदा फोन केला. अळूचं फदफदं कसं करायचं तेही विचारलं. मंदाकिनीबाई दुपारपासूनच फोनपाशी खुर्ची ओढून बसू लागल्या.

नवव्या दिवशी कमळाबाई पेढे घेऊन दारात उभ्या. "जिकलो गो बाय! दिला त्याने राजीनामा!"

"इतक्यात?" मंदाकिनीबाईंचा चेहरा पडला. "जरा तग धरायचा होता त्यांनी."

त्या संध्याकाळी साकेत म्हणाला, "चला, सुटलो एकदाचे! आता काळजी नाही." दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मंदाकिनीबाईंनी दोनदा रिसीव्हर उचलून फोन चालू आहे ना, ते पाहिलं.

आठवड्याने त्यांनीच कमळाबाईंना फोन लावला.

"कमळाबाई, ते नवीन मंत्री आलेत ना, ते काही वावगं बोलले का हो?"

"न्हाय गो. लय सभ्य मानूस हाय."

"अरेरे," मंदाकिनीबाई म्हणाल्या.